आधी राहिलो, मग फर्निचर केलं

"फर्निचर करूनच राहायला जा, नंतर सामानाच्या पसाऱ्यात काम होत नाही," असं आम्हाला ज्यानं त्यानं सांगितलं. त्यात तथ्य होतं. पण कर्जाचा हप्ता सुरू झाला होता आणि जुन्या घराचं भाडंही चालू होतं. म्हणून ताबा मिळाल्यावर पंखे, गिझर आणि खिडक्यांच्या ग्रिल तेवढ्या बसवून आम्ही डोंबिवलीच्या या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आलो. एक लोखंडी कपाट, जुना दिवाण, जेवणाचं टेबल आणि बिल्डरनं दिलेला ओटा, एवढ्यावर आख्खा पावसाळा काढला. काम दिवाळीनंतर काढलं. आता कोणी विचारलं तर मी सांगते, जमत असेल तर आधी राहा.

जुलैत बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत ओल आली. डिझायनरच्या थ्रीडी चित्रात नेमकं याच भिंतीला छतापर्यंतचं वॉर्डरोब होतं. ते तिथे झालं असतं तर दोनेक वर्षांत मागच्या प्लायला बुरशी, आणि तिचा पत्ता लागणार कपड्यांच्या वासावरून. आम्ही वॉर्डरोब आतल्या भिंतीला नेलं आणि बाहेरच्या भिंतीला पलंगाची उशाकडची बाजू दिली, तीही चार बोटं जागा सोडून. बाहेरून वॉटरप्रूफिंग सोसायटीकडून करून घेणं हे वेगळंच प्रकरण, ते इथे नको.

घरात माणसं चार. नवरा सकाळच्या लोकलला पळतो, मुलगा नववीत, सासूबाई (त्यांना मी आई म्हणते) पंचाहत्तरीच्या आसपास आणि गुडघ्यांनी बेजार. मी घरी शिकवण्या घेते. संध्याकाळी हॉलमध्ये पाचवी-सहावीची दहा-बारा पोरं असतात. डिझायनर मुलगी हुशार होती, पण तिच्या पहिल्या चित्रात हॉलमध्ये एल आकाराचा सोफा, काचेचं सेंटर टेबल आणि फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेले दिवे होते. "काकू, हल्ली खाली कोण बसतं?" असं तिनं विचारल्यावर मी तिला म्हटलं, एकदा संध्याकाळी पाचला ये. ती आली. दारात ओल्या चपलांचा ढीग, दप्तरं भिंतीला टेकवलेली, सतरंजीवर पोरं आणि मधून आईंची स्वयंपाकघराकडे ये-जा. तिनं तिथेच वही काढली आणि नवीन चित्र काढायला घेतलं. अशी डिझायनर मिळाली हे आमचं नशीब.

सोफा गेला. भिंतीलगत सतरा इंच उंचीचा बाक आला, खाली ड्रॉवर; त्यात पोरांच्या वह्या, पाट्या, खडू. मधली जमीन मोकळी. गौरी-गणपतीत मखर कुठे बसणार हेही तेव्हाच ठरवलं आणि त्या भिंतीला एक प्लग पॉइंट काढून ठेवला, नाहीतर दरवर्षी दाराआडून वायर ओढत आणायची. फॉल्स सीलिंग मी चित्रातून सरळ काढून टाकलं. साडेनऊ फुटांच्या छतातलं अर्धा फूट घालवायचं, पंख्याची हवा कोंडायची, वर झाडू पोचत नाही. ते पैसे ओट्याकडे वळवले.

ओट्यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं, कारण मी आणि आई दोघी तिथे उभ्या राहतो आणि आमच्या उंचीत सहा इंचांचा फरक आहे. बाजारात ओटा साधारण ३२ ते ३४ इंचांचा करून देतात, कोण वापरणार हे न विचारता. उभं राहून काम करताना हात कोपरापासून चार ते सहा इंच खाली असावेत, म्हणजे खांदे भरून येत नाहीत. हे ताडून बघायला मी परात जेवणाच्या टेबलावर ठेवली, तिच्याखाली रद्दीचे गठ्ठे सरकवत गेले आणि खरोखरची कणीक मळली. ज्या उंचीला खांदे वर चढायचे थांबले, तिथे टेप लावली. माझ्यासाठी ती ३३ इंच निघाली. आईंना तेवढ्यावर भाकरी थापणं शक्यच नव्हतं. मग खिडकीखाली २७ इंचांची वेगळी फळी केली, खाली ट्रॉली न घालता पाय जातील एवढी मोकळी. आता आई स्टुलावर बसून भाकऱ्या थापतात, भाजी निवडतात आणि खाली गल्लीत कोण आलं-गेलं त्याची नोंदही ठेवतात. शेगडीखालचा कट्टा चार इंच खाली घेतला. शेगडी ठेवली की कढई ओट्याच्या पातळीला येते आणि उंच कुकरमध्ये डोकवायला टाचा उचलाव्या लागत नाहीत.

ट्रॉल्यांआधी भांड्यांची जनगणना केली. मोठी परात, इडलीपात्र, दहा लिटरचा कुकर, पोळपाट, सगळ्यांची मापं कागदावर. अठरा इंचांच्या कप्प्यात वीस इंचांची परात जात नाही, हे दुकानातल्या नमुन्यावर कळत नाही. तिथे बशा लावलेल्या असतात. परात आणि ताटांसाठी उभी फट ठेवली. ट्रॉल्यांचं स्टील ३०४ ग्रेडचं घ्या असं सगळे सांगतात आणि चुंबक लावून बघा असंही सांगतात. पण २०२ या स्वस्त, लवकर गंजणाऱ्या ग्रेडलाही चुंबक जवळपास चिकटत नाही, त्यामुळे या परीक्षेचा उपयोग नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यायची.

प्लायचंही तसंच. एमआर म्हणजे दमटपणाला तोंड देणारा. पाण्याला टिकणारा नव्हे. सिंकच्या आसपास आयएस ७१० या मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय मागितला आणि शीटवरचा आयएसआयचा शिक्का कापायच्या आधी स्वतः पाहिला, कारण कापल्यावर कुठला तुकडा कुठल्या शीटचा हे कोणाला सांगता येत नाही. सिंकच्या थेट खाली तर लाकूडकाम केलंच नाही. कडाप्प्याच्या उभ्या फरश्या आणि पुढे अ‍ॅल्युमिनियमचं दार. बाकी घराला आयएस ३०३ चा साधा प्लाय पुरला.

कोटेशनं तीन आली आणि तिन्ही एकमेकांशी ताडता येईनात. एकाचं रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, दुसऱ्याचं स्क्वेअर फुटावर, तिसऱ्याचा एकच ठोक आकडा. रनिंग फुटात माळ्याची दारं धरलीत का, आतून लॅमिनेट आहे का, बिजागऱ्या-हँडल कोणाचे, हे विचारत गेलं की स्वस्त वाटणारा आकडा हळूहळू फुगतो. वर १८ टक्के जीएसटी. मी तिघांनाही खोलीवार, वस्तूवार, मापासकट एकच कागद दिला आणि त्यावरच भाव भरून मागितला. एक जण त्यानंतर आलाच नाही.

सुतार येण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि राहत्या घरात कुठे कुठे एक्स्टेन्शन बोर्ड लोंबतात ते दाखवलं. तिथेच पॉइंट काढले. मिक्सरला ६ अँपिअर चालतं, ओव्हन आणि गिझरला १६ लागतं, आणि त्यांची वायरही जाड हवी.

देवघरावरून मात्र वाजलं. चित्रात जाळीमागे दिव्यांचा उजेड आणि वर लॅमिनेटचं छत होतं. आईंनी एकच विचारलं, "आणि समई?" वातीची धग आणि काजळी लॅमिनेटला सोसत नाही. मग वर ग्रॅनाइटची पट्टी, मागे टाइल, आणि बैठक खुर्चीवर बसून पूजा करता येईल इतक्या उंचीवर. पाटावर बसणं त्यांनी आता सोडलंय, तरी पाट काही टाकू देत नाहीत.

मुलाच्या खोलीला अजून हात लावलेला नाही. त्याची दहावी होऊ दे, मग तो इथे राहतो की शिकायला बाहेर जातो ते बघून ठरवू. तोवर त्याला टेबल, खुर्ची आणि ते लोखंडी कपाट पुरतं.