दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी

मुलींनी दोन वेण्या घालून त्या कानामागे वर बांधाव्यात आणि त्यांना पांढऱ्या रिबिनी असाव्यात, हा आपल्या शाळेचा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण प्रार्थनेच्या रांगेतून फिरणाऱ्या बाईंची नजर आधी डोक्यावर आणि मग नखांवर जात असल्यामुळे तो प्रत्येकीला पाठ होता. ज्यांचे केस जेमतेम खांद्याला टेकत, त्यांचे काम पाच मिनिटांत उरके. माझे केस गुडघ्यापर्यंत होते. वेणी एकदा दुमडून बांधली तरी कमरेपर्यंत लोंबे आणि मागच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या वहीवर जाऊन पडे, म्हणून ती दोनदा दुमडावी लागे.

शाळा अकराची असली तरी आई मला साडेनवालाच पाटावर बसवी. खोबरेल तेलाचा हात फिरवून ती गुंता टोकाकडून सोडवत वर येई, कारण वरून फणी ओढली की सगळा गुंता खाली गोळा होऊन त्याची गाठ बसते. रविवारी शिकेकाईने न्हाल्यावर केस पुरते वाळेपर्यंत ती फणीला हात लावू देत नसे; ओले केस ताणले की तुटतात.

खरी पंचाईत रिबिनीची होती. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्या हिशेबाने सातवीत माझ्या वेणीच्या टोकाशी असलेले केस मी पहिलीत आले त्या सुमारास उगवलेले होते, आणि इतक्या वर्षांच्या घासाघाशीने ते विरळ झाले होते. अशा उंदराच्या शेपटीसारख्या टोकावर गुळगुळीत नायलॉनची रिबीन टिकणार कशी? कवायतीच्या तासाला ती हमखास मैदानात सापडे. शेवटी आजीने लक्ष घातले. "टोकाला कितीही आवळ गं, ती सुटणारच," असे म्हणून तिने वेणी निम्म्यावर आल्यावर रिबीन मधोमध दुमडून आत घातली, तिची दोन टोके दोन पेडांबरोबर धरली आणि तशीच शेवटपर्यंत गुंफत नेली. मग खाली गाठ, वर दुमड आणि कानामागे फूल. तिच्या लहानपणी रेशमी आगवळ अशीच वेणीत गुंफत असत, त्यामुळे तिला यात नवे काहीच वाटले नाही. त्यानंतर माझी रिबीन मैदानात सापडली नाही.

रिबिनींची निगा हा माझा विभाग होता. रात्री धुतलेली रिबीन ओली असतानाच स्टीलच्या ताटाच्या पाठीवर सपाट चिकटवली की सकाळी इस्त्री केल्यासारखी निघे. खरी इस्त्री मात्र नायलॉनला मानवत नाही. कडेचे धागे सुटू लागले की पेटती उदबत्ती हलकेच टेकवायची, कड वितळून बंद होते.

स्नेहसंमेलनाला एकच वेणी चालत असे. तेव्हा आई माझी चारपेडी घाली, तीन पेड केसांचे आणि चौथा लाल रिबिनीचा. रिबीन मधोमध सरळ खाली उतरत जाई आणि दोन्ही बाजूंनी केस तिच्यावर चढत. ती एकदा बाईंनी पाहिली, आणि त्या वर्षी लेझीमच्या पथकातील सगळ्या मुलींच्या वेण्या रंगमंचामागे बसून आईलाच घालाव्या लागल्या. त्या पथकाच्या छायाचित्रात आम्ही सगळ्या पाठमोऱ्या उभ्या आहोत. छायाचित्रकाराला बाईंनी तसेच सांगितले होते.