तुम्ही विचारलंत म्हणून: "हात लावल्यावर होतो का?"

कुष्ठरोगावर बोलायला मी शाळा-महाविद्यालयांत जाते, कार्यालयांत जाते. बोलणं संपतं, टाळ्या होतात, लोक उठायला लागतात. मग कुणीतरी जवळ येतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "ते सगळं पटलं हो, पण अगदी खरं सांगा, हात लावल्यावर होतो का?" थोड्या वेळापूर्वी मी तेच तर सांगितलेलं असतं. तरीही मला विचारणाऱ्याचा राग येत नाही. ही भीती त्याने निर्माण केलेली नाही, त्याच्या वाट्याला ती आयती आलेली आहे.

तर आधी सरळ उत्तर. नाही होत. हात मिळवल्याने, मिठी मारल्याने, सोबत जेवल्याने, शेजारी बसल्याने कुष्ठरोग होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून जंतू पसरतात आणि त्यासाठीही दीर्घकाळचा निकट सहवास लागतो. बहुतेकांचं शरीर या जंतूला दाद देत नाही. जंतूही कमालीचा संथ. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षं जातात, कधी २० वर्षंही. औषध सुरू झालं की रुग्णाकडून संसर्ग पसरत नाही. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही औषधं एकत्र द्यायची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. हा उपचार ६ किंवा १२ महिन्यांचा असतो आणि त्याने रोग बरा होतो. आणि बोटं झडून पडतात हेही खरं नाही. जंतू नसांना इजा करतो, हातापायांची संवेदना जाते. मग चटका बसला, काच रुतली तरी कळत नाही, जखमा चिघळत राहतात, त्यातून बोटं आखडतात, आखूड होतात.

बरीच वर्षं माझं उत्तर इथेच संपायचं. पुढचं मला एका बाईंनी शिकवलं.

एका कार्यक्रमात त्या माझ्यासोबत व्यासपीठावर होत्या. विशीत असताना त्यांनी १२ महिन्यांचा उपचार पूर्ण केलेला, उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली. मी नेहमीप्रमाणे सांगितलं की यांच्यापासून कुणालाही धोका नाही, आणि भर सभेत त्यांचा हात हातात घेऊन वर धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, आणि पसरत असता तर?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"म्हणजे पसरत असता, तर मला कामावरून काढलं ते बरोबर ठरलं असतं का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पाऊण तास मी लोकांना एवढंच पटवत होते की या बाई निरुपद्रवी आहेत. त्यांचा कामावरचा हक्क, गावात ताठ मानेने फिरण्याचा हक्क मी जंतूच्या संथपणावर टांगून ठेवला होता. आणि त्यांचा हात मी त्यांना न विचारता उचलला होता, हेही तेव्हाच माझ्या ध्यानात आलं.

त्यानंतर मी या रोगाचा इतिहास नव्या नजरेने वाचायला घेतला. १८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन इथे गेरहार्ड आर्मौअर हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. तोवर कुणी हा रोग रक्तातून, पिढीतून आलेला मानत होतं, कुणी पापाची शिक्षा मानत होतं. एवढा मोठा शोध लावणाऱ्या याच हॅन्सननी १८७९ मध्ये, रोग संसर्गाने होतो हे सिद्ध करण्याच्या ध्यासात, रुग्णालयातल्या एका स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. तिची संमती घेतली नव्हती. खटला झाला आणि १८८० मध्ये न्यायालयाने त्यांना रुग्णालयातल्या पदावरून दूर केलं. मला या निकालाचं फार मोल वाटतं. रोगावर औषध नव्हतं, तो असाध्य होता, संसर्गजन्य होता, तरी न्यायालयाने म्हटलं की या स्त्रीचं शरीर तिचं आहे.

सगळीकडे असं झालं नाही. जपानमध्ये कायद्यानेच रुग्णांना वसाहतींत डांबलं, अनेकांना नावं बदलावी लागली, स्त्री-पुरुषांवर नसबंदी लादली, गर्भपात करवले. रोग बरा करणारी औषधं हाती आली तरी १९५३ चा तो कायदा १९९६ पर्यंत टिकून राहिला. कुमामोतो इथल्या न्यायालयाने २००१ मध्ये हे धोरण घटनाबाह्य ठरवलं, सरकारने अपील न करता माफी मागितली. एवढं होऊनही २००३ मध्ये त्याच कुमामोतो प्रांतातल्या एका हॉटेलने, बऱ्या झालेल्या वसाहतवासीयांना मुक्काम नाकारला. हॉटेलने पुढे केलेली माफी मनापासूनची नाही म्हणून या लोकांनी ती स्वीकारली नाही, आणि मग त्यांच्यावर शिव्याशापांच्या पत्रांचा पाऊस पडला. तोवर ज्यांची कीव येत होती, त्यांनी बरोबरीने जाब विचारताच समाज चिडला. म्हणून केवळ कणव जागवणारं भाषण मला आता पुरेसं वाटत नाही. कणव कधीही परत घेता येते.

आपलंही फार वेगळं नाही. भारतात १८९८ चा कुष्ठरुग्णांना अलग ठेवण्याचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण कायद्याच्या पुस्तकातून निघायला २०१९ उजाडलं. औषध १९८१ पासून ठाऊक होतं. मधल्या काळात किती संसार त्या एका कलमाने मोडले असतील, या विचाराने मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. ओडिशातल्या एका नगरसेवकाचं पद कुष्ठरोगाच्या कारणावरून रद्द झालं, आणि ते रद्द करणं २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही योग्य ठरवलं, कारण कायद्यात तसं लिहिलेलं होतं.

आणि भाषा. 'महारोगी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, वापरताना कुणाला काही वाटतही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१० मध्ये कुष्ठरोगाशी निगडित भेदभाव संपवण्यासाठी तत्त्वं आणि मार्गदर्शक सूत्रं स्वीकारली. त्यांत असे हिणकस शब्द सरकारी प्रकाशनांतून काढावेत, ते कोणत्याही भाषेतले वा बोलीतले असोत, असं म्हटलं आहे. मी सभेत म्हणते, 'कुष्ठरोग झालेली व्यक्ती' म्हणा. लांबलचक वाटतं हे खरं, पण त्यात माणूस शिल्लक राहतो.

तर, पसरत असता तर? आज मी असं उत्तर देते. क्षयरोग कुष्ठरोगापेक्षा कितीतरी सहज पसरतो. क्षयाच्या रुग्णाला उपचार मिळायला हवेत. संसर्गाची शक्यता असेपर्यंत काळजी घ्यायला हवी, त्याला समजावून आणि तेवढ्याच दिवसांपुरती. तेवढ्यासाठी त्याची नोकरी, त्याचं घर, त्याचं लग्न, त्याचं मत कुणी काढून घेऊ शकत नाही. कुष्ठरोगालाही हाच न्याय. पसरण्याचा धोका किती, हे डॉक्टरांना उपचार ठरवायला लागतं. माणसाची पात्रता त्यावरून ठरत नाही.

याची दुसरीही बाजू आहे, ती मी नंतर सांगते, पण सांगते जरूर. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा येतो, तो खाजत नाही, दुखत नाही, तिथे स्पर्श कळत नाही. ही दाखवायची वेळ असते. पण दाखवलं तर काय काय गमवावं लागेल या धास्तीने माणूस चट्टा कपड्याखाली लपवतो. महिने जातात, वर्षं जातात, नसा मरतात, बोटं आखडतात. मग ती बोटं बघून लोक आणखी घाबरतात. तोवर त्याच्याकडून संसर्गही होत राहतो. आपल्याच वागण्याने आपण हा रोग लांबवतो.

माझ्या बोलण्याचा क्रम आता बदलला आहे. विकृत हातापायांची चित्रं मी दाखवत नाही. पहिली दहा मिनिटं त्या बाई बोलतात, त्यांना जे बोलायचं असेल ते. बहुतेक वेळा त्या कामाविषयीच बोलतात. हिशेब लिहिण्यात त्या तरबेज आहेत आणि काढून टाकल्याचं पत्र आलं त्या दिवशीही त्यांचा ताळेबंद जुळलेला होता, हे त्या दर वेळी सांगतात. जंतूचं, औषधाचं मी नंतर सांगते.

गेल्या खेपेला मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमचा हात जरा वर करून दाखवता का, आम्हाला दिसत नाहीये."

"नाही दाखवणार," त्या म्हणाल्या, "आणखी काही विचारायचंय?"

सभा क्षणभर गप्प झाली. मग एका मुलीने हात वर केला.