एमएस-सीआयटीच्या पुढे

आज नागपूरच्या केंद्रावर कॉम्पटिया संस्थेच्या ए-प्लस या संगणक दुरुस्ती व तांत्रिक साहाय्याच्या परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण झालो. आमच्या आर्वी तालुक्यात संगणकाचे प्रमाणपत्र म्हणजे एमएस-सीआयटी, आणि सरकारी नोकरीच्या अर्जासाठी ते लागतेही. परंतु हेल्पडेस्कवर किंवा संगणक दुरुस्तीत उमेदवारी करायची असेल, तर ए-प्लसची तयारी अधिक उपयोगी पडते, असे माझे मत झाले आहे. या परीक्षेचे पेपर दोन, प्रत्येकी ९० मिनिटांचे. १०० ते ९०० या मोजपट्टीवर पहिल्यात ६७५ आणि दुसऱ्यात ७०० गुण मिळवावे लागतात. घोकंपट्टी फार पुरत नाही, कारण काही प्रश्नांत पडद्यावर बिघाडच समोर मांडून तो प्रत्यक्ष दूर करायला सांगतात. खिसे उलटे करून दाखवून, घड्याळ काढून ठेवून आत बसलो. शेवटचे उत्तर दिल्यावर निकालाआधी अभिप्रायाची प्रश्नावली भरावी लागते. जीव टांगणीला असताना अभिप्राय कसला द्यायचा! शुल्क मात्र जड आहे. बाबांनी ते कापसाच्या चुकाऱ्यातून दिले. प्रमाणपत्र तीनच वर्षे ग्राह्य असते, म्हणून नूतनीकरणाचा खर्चही आधीच धरावा. पुढे सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा देण्याचा विचार असून सबनेटिंगचा, म्हणजे एका नेटवर्कचे लहान भाग पाडण्याचा, सराव सुरू केला आहे.