मास्क दिला, पण बसला का?
आज एका ग्रॅनाइट कापणाऱ्या कारखान्यात सुरक्षा तपासणीसाठी दिवसभर होतो. मालकांनी एन-95 मास्कचे खोके अभिमानाने दाखवले. पण कटरवर वाकलेल्या काकांच्या दाट दाढीमुळे मास्कच्या कडेने धुळीची हवा सरळ आत जात होती, आणि सूक्ष्म कणांपैकी किमान 95 टक्के कण अडवणारी ती गाळणी त्यांच्यापुरती जवळजवळ निरुपयोगी ठरली होती. मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का, हे कुणीच तपासले नव्हते. खरे तर पात्यावर पाणी सोडून धूळ उडूच द्यायची नाही, मास्क त्यानंतर. दगडाची बारीक धूळ श्वासातून आत गेल्याने होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार बरा होत नाही. कायद्याने तो सरकारी यंत्रणेला कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. संध्याकाळी पाण्याची नळी जोडून घेतल्यावरच मी निघालो. काका म्हणाले, उद्या दाढी करून येतो.