पाणी निर्दोष, बदकं शिशानं मेलेली

पाण्याच्या अहवालात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शिसं लिटरला 2 मायक्रोग्रॅमच्या आत. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली मर्यादाच 10 आहे. नमुनेही रीतसर घेतलेले: आम्लानं धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, विरघळलेल्या धातूंसाठी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काठावरच गाळलेलं पाणी, एकूण धातूंसाठी न गाळलेलं, आणि मग दोन्हींत नायट्रिक आम्ल टाकून पीएच 2 च्या खाली. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी आम्ल टाकलं आणि मग गाळलं, तर मातीच्या कणांना चिकटलेलं शिसं सुटून विरघळलेल्यात मोजलं जातं. इथे तेही झालं नव्हतं. तरी त्याच तळ्यावरची रानबदकं मेलेल्या अवस्थेत आमच्या शवविच्छेदनाच्या टेबलावर होती.

पहिल्या बदकाच्या छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं, स्नायू पार आटलेले. शेपटीखालची पिसं हिरव्या विष्ठेनं माखलेली. चिरण्याआधी एक्स-रे काढला, कारण एकदा पोट उघडलं की कोणता कण कुठे होता याचा पुरावा जातो. पेषणीच्या, म्हणजे पक्ष्याचं अन्न दळणाऱ्या स्नायूंच्या पोटाच्या जागी पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते. उघडल्यावर पेषणीच्या आधीचा जठराचा भाग दाण्यांनी गच्च भरलेला निघाला. शिशानं मज्जातंतू निकामी होतात, अन्न पुढे सरकत नाही, आणि भरल्या पोटी पक्षी उपाशी मरतो. पित्ताशय फुगलेलं, पेषणीचं अस्तर हिरवं पडून तडकलेलं.

पेषणीतला ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यानं हळूहळू धुतला. वाळू, बिया, आणि त्यांत राखाडी, झिजून चपटे झालेले कण. चुंबकाला चिकटले नाहीत, म्हणजे पोलादाचे नव्हेत. पात्यानं दाबल्यावर लोण्याइतके नाही, पण सहज कापले गेले. इथे एक गोष्ट नीट पाहावी लागते. गोळीबारात अंगात घुसलेला छर्राही पेषणीत सापडू शकतो, पण मग तिच्या भिंतीला भोक असतं आणि छर्रा झिजलेला नसतो. इथे भिंत शाबूत होती. पक्ष्यांनी हे छर्रे तळातून खडे किंवा बिया समजून गिळले होते. या काठावर पूर्वी छऱ्यांनी शिकार चालायची.

पाणी स्वच्छ का, हे यातच आलं. उदासीन, कार्बोनेट असलेल्या पाण्यात छऱ्यावर क्षारांचा थर बसतो आणि शिसं फारसं विरघळत नाही. पेषणीत मात्र तीव्र आम्ल असतं, वर खड्यांनी सतत दळण चालू. जो छर्रा गाळात वर्षानुवर्षं पडून राहतो, तो तिथे काही आठवड्यांत झिजून रक्तात उतरतो. एखाददुसरा छर्राही बदकाला पुरू शकतो. म्हणूनच छर्रा सापडला नाही म्हणून शिसं नाकारता येत नाही. पक्षी मरेपर्यंत तो विरघळून किंवा बाहेर पडून गेलेला असू शकतो.

निकाल यकृतावरून ठरतो. एकाच खंडाचा तुकडा, धातूच्या फॉइलमध्ये नव्हे तर स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत, गोठवून. प्रयोगशाळेत तो नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवतात. सोबत कोरा नमुना (यकृताशिवाय नुसती रसायनं) आणि ज्यातलं शिशाचं प्रमाण आधीच माहीत आहे असं संदर्भ-द्रव्य गेलंच पाहिजे. ओल्या वजनावर किलोला 2 मिलिग्रॅमच्या आत असेल तर नेहमीची पातळी, 6 च्या वर लक्षणं, 10 च्या वर तीव्र विषबाधा, असा बदकांसाठीचा सर्वसाधारण आडाखा आहे. आमचे आकडे 10 च्या बरेच वर होते. अहवालात ‘ओलं की सुकं’ हे लिहिलेलं आहे का, ते आधी पाहा. यकृतात साधारण सत्तर टक्के पाणी असतं, त्यामुळे सुक्या वजनाचा आकडा तिपटीहून मोठा दिसतो आणि निरोगी पक्षीही विषबाधित ठरतो.

त्यानंतर पाण्याचे नमुने वाढवण्यात अर्थ नव्हता. काठालगतच्या उथळ पट्ट्यातून नळीनं गाळाचे गाभे, म्हणजे थर न मोडता निघालेले उभे नमुने, काढले आणि चाळणीवर धुतले. छर्रे वरच्या थरातच, बदकाची चोच पोचते तिथे होते. मऊ चिखलात ते खाली जातात. इथला तळ घट्ट होता. तातडीचा उपाय म्हणून पाण्याची पातळी वाढवायला सांगितलं, म्हणजे तळापर्यंत चोच पोचणार नाही. जिवंत सापडलेल्या पक्ष्यांची पेषणी धुऊन काढायची आणि कॅल्शियम ईडीटीए हे शिसं बांधून शरीराबाहेर काढणारं औषध द्यायचं. छर्रे आत असताना नुसतं औषध देऊन भागत नाही, शिसं मागून येतच राहतं. मेलेले पक्षी रोज उचलायचे, कारण तेच शव गरुडानं खाल्लं की छर्रे आणि शिसं त्याच्या पोटात जातात.