सिंहगड दिसतो का?

मुंबई समोरून बघता येते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलं की अख्खी इमारतींची रांग डोळ्यांपुढे. पुण्याला समुद्र नाही आणि नदीकडे आपण पाठ करून बसलेलो, त्यामुळे पुणं बघायचं ते वरून. पाहुणा आला की त्याला पर्वतीच्या 103 पायऱ्या चढवायच्या, धाप लागलेली असतानाच "ते बघा, ते बघा" सुरू करायचं आणि खाली आल्यावर भेळ खायला घालायची, हा आमच्या घरातला जुना रिवाज.

नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं 1749 साली. टेकडी पायथ्यापासून अडीच-तीनशे फूट उंच असेल. पुढची दोनशे वर्षं पुण्यात माणसाने बांधलेलं काहीही तिच्या माथ्यापर्यंत पोचलं नाही. लष्कर भागातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, 1867 चं, त्याचा मनोरा 90 फुटांचा. तेवढ्यावरच त्या काळी माना वर होत असणार. आता एक मजला दहा फुटांचा धरा. पायथा एकच मानला, तर पंचविसाव्या-तिसाव्या मजल्यावरचा गृहस्थ सकाळी गॅलरीत दात घासताना थेट देवदेवेश्वराच्या पातळीवर उभा असतो. पायऱ्या न चढता. पुण्य मिळतं की नाही, ते माहीत नाही.

मागे भाच्याला घेऊन वर गेले होते. मी नेहमीसारखी सुरू झाले: ही वेताळ टेकडी, ती हनुमान टेकडी, तिकडे चतुःशृंगी, मागे सिंहगड. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मावशी, ती बघ खराडी. तिथे माझं ऑफिस. त्याच्या अलीकडचा पुंजका मगरपट्टा. आणि इकडे पार टोकाला हिंजवडी." त्याच्या पुण्याच्या दिशा टॉवरवर ठरतात, माझ्या टेकड्यांवर. एकाच कट्ट्यावर बसून दोघं दोन गावं बघत होतो. 1817 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इथूनच खडकीची लढाई पाहिली म्हणतात. आज बसला असता तर लढाई राहू दे, खडकी कुठल्या टॉवरच्या मागे आहे इथूनच सुरुवात करावी लागली असती.

पण नीट बघितलं तर हे टॉवर वाटेल तिथे उगवलेले नाहीत. पेठांवर नजर टाका, सगळं बसकं. गल्ल्या अरुंद, आणि रस्ता जितका रुंद तितकी इमारत उंच, हा आपला नियम. सहा मीटरच्या गल्लीत टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, चढत नाही, नऊ मीटरला चढतो. कोथरूडमध्ये एका चौकात चार मजले आणि पुढच्याच चौकात अकरा दिसले की दोष किंवा श्रेय डांबराचं. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, त्यापुढचे दोनशे मीटर परवानगीने. लोहगावला हवाई दल, म्हणून विमानांच्या वाटेखाली माना खाली. टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण. डिसेंबर 2020 मध्ये मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभरासाठी एकच बांधकाम नियमावली आली, एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधायचं त्याचं प्रमाण, वाढला, आणि रुंद रस्त्यांवरच्या उपनगरांना एकदम मिसरूड फुटलं. पुण्याच्या आभाळाची कड आर्किटेक्टने काढली असं मला वाटत नाही. ती कुठल्यातरी टेबलावर, फाइलीत निघालेली आहे.

तसा उंचीचा सोस आपल्याला नवा नाही. शनिवारवाडा सात मजली होता आणि सगळ्यात वरून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे, असं आजोबा सांगायचे. 1828 च्या आगीत आतले महाल गेले, आता मुख्यतः जोतं आणि तटबंदी उरली. त्यामुळे कळस खरोखर दिसायचा की नाही हे कोणी चढून बघू शकत नाही. पुढे पानशेतचा पूर आला, 1961 चा, नदीकाठचे वाडे बसले, माणसं उपनगरांत गेली आणि बंगल्यांमागून तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्या आल्या. आम्ही त्यातल्याच एकीत.

आमच्या घरामागे टॉवर उठतोय. आधी उभी राहिली ती क्रेन. इमारतीचा पत्ता नाही आणि क्रेन मात्र पिवळीधमक, स्वतःच्याच मानेत एकेक तुकडा घालून उंच होत जाणारी. पूर्वी भिंत चढताना दिसायची: विटा, गवंडी, ओळंबा, मग गिलावा. आता मायवान. अ‍ॅल्युमिनियमच्या पाट्यांचा साचा उभा करतात, त्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, आठवडा-दहा दिवसांत मजला तयार. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक गोष्ट दिसते, ती मी पोळ्या लाटता लाटता बघत बसते. साचा सुटला की पाट्या क्रेनने वर जात नाहीत. स्लॅबमध्ये मुद्दाम ठेवलेल्या लांबट फटीतून खालचा पोरगा पाटी उभी वर सरकवतो, वरचा नुसते दोन हात खाली घालून ती ओढून घेतो. तोंडं एकमेकांना दिसत नाहीत. एक आरोळी, एक पाटी. अख्खा टॉवर असा हातोहात वर गेलाय. रात्री मिक्सरच्या गाड्या येतात तेव्हा आमची झोप जाते आणि सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं होतात, तो भाग वेगळा.

सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे. आमच्या गच्चीतून रात्री त्याचा लाल दिवा दिसायचा. उन्हाळ्यात गाद्या टाकून झोपलं की दक्षिण तीच. आता प्रत्येक टॉवरच्या डोक्यावर विमानांसाठी लाल दिवा. गेल्या मे महिन्यात मी आणि आई "तो की तो?" करत अर्धा तास उभ्या होतो. शेवटी आई म्हणाली, "जाऊ दे, सगळेच सिंहगड."

गंमत म्हणजे आता आमचीही सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. तीनाचे चौदा मजले. मीटिंगमध्ये नकाशे पसरले होते, चहाबरोबर क्रीमरोल होते, आणि जन्मभर "टॉवरवाल्यांनी वाट लावली" म्हणणारे तळमजल्यावरचे काका बारावा मजला मागत होते. बिल्डरच्या माणसाने अदबीने सांगितलं की सहाव्याच्या वर फ्लोअर राइज लागेल, दर मजल्याला चौरस फुटामागे इतके.

"का बरं?" काका तडकले. "सिमेंट वर जाऊन महाग होतं का?"

"काका, व्ह्यू आहे ना. अकराव्याच्या वर सिंहगड दिसतो."

काका क्षणभर थांबले. मग समोरच्या सोसायटीकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ते रिडेव्हलपमेंटला गेले म्हणजे? पैसे परत देणार?"

तो माणूस नकाशाची गुंडाळी करायला लागला. काकांनी बारावा सोडलेला नाही. पण करारात सिंहगड लिहून द्या म्हणून ते अजून वकिलाच्या मागे आहेत.