तुम्ही विचारलंत म्हणून: भटकी कुत्री बरी करून परत बंदरावरच का सोडता?

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता विचारणाऱ्याने तोंड उघडलं की कळतं. दापोलीच्या एसटी स्टँडवर, मेडिकलच्या दुकानात, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांकडून, आणि आत्ता परवा आमच्या भाच्याच्या साखरपुड्यातसुद्धा. "ताई, दोन महिने ठेवून घेतलीत, सलाईन लावलीत, ऑपरेशन केलंत, आणि शेवटी नेऊन त्याच बंदरावर सोडलीत? मग एवढं केलंत कशाला?" विचारणारी माणसं वाईट नसतात, उलट ज्यांना जनावरांचं काहीतरी वाटतं तीच विचारतात, म्हणून एकदा नीट बसून लिहिते.

सुरमईचं सांगते, त्यात सगळंच येईल.

सुरमई हर्णै बंदरावरची. पाठ राखाडी, पोट पांढरं, म्हणून तिथे मासळी विकणाऱ्या एका काकींनी ठेवलेलं हे नाव. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते मे महिन्याच्या शेवटी, संध्याकाळचा लिलाव चालू होता, समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर टोपल्या, बर्फ, माणसांची ही गर्दी, आणि ही कुत्री जिथे बसेल तिथे उठल्यावर वाळूवर रक्ताचा डाग. कोणी म्हणे माजावर आलीय, कोणी म्हणे कॅन्सर झालाय, आता काय राहत नाही ती. जवळ जाऊन बघितलं तर शेपटीखाली फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं लाल मांस वाढलेलं, त्यावर माश्या. काकी म्हणाल्या, "घेऊन जा गो ताई, माझ्याच्याने बघवत नाय."

कॅन्सर म्हणणारे चुकीचे नव्हते. पण हा कॅन्सर वेगळा, डॉक्टर याला टीव्हीटी म्हणतात. बाकीच्या कॅन्सरमध्ये आपल्याच शरीरातल्या पेशी बिघडतात, इथे गाठीच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात, मुख्यतः जुगताना, कधी हुंगण्या-चाटण्यातून. शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा कळलं की जगभरातल्या कुत्र्यांमधल्या या गाठी काही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यापासून आलेल्या आहेत, ते कुत्रं कधीच मेलं पण त्याच्या पेशी एकीतून दुसरीत करत करत आज हर्णैच्या वाळूवर सुरमईच्या अंगात होत्या. मला हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. माणसाला हा होत नाही, ते आधीच सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो.

आणि तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो! लोकांना हेच माहीत नसतं, म्हणून अशी कुत्री गोणत्यात घालून लांब कुठेतरी नेऊन सोडतात. व्हिन्क्रिस्टीन नावाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा शिरेतून द्यायचं, साधारण चार ते सहा आठवडे. आणि हे औषध कुठून मिळतं माहितीये? सदाफुलीतून. आपली दारातली सदाफुली, जी कोणी न लावता वाळूतसुद्धा उगवते, आमच्या मांगराच्या, म्हणजे जिथे ही जनावरं ठेवते त्या जागेच्या, पायरीशी गुलाबी आणि पांढरी दोन्ही आहेत. म्हणून कोणी पाला वाटून कुत्र्याला देऊ नका हां, झाड विषारी आहे, ढीगभर पानांतून चिमूटभर औषध निघतं आणि तेही वजनावर मोजून द्यावं लागतं, दर वेळी आधी रक्त तपासून, कारण पांढऱ्या पेशी खाली गेल्या तर आठवडाभर थांबावं लागतं.

इंजेक्शन स्वतः फार महाग नाही. जड जातं ते बाकीचं. पुढच्या पायावरचे केस काढायचे, शीर शोधायची, सुई नक्की आत आहे ना हे सलाईन सोडून बघायचं आणि मगच औषध, कारण थेंबभर जरी शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस कुजतं. हे सगळं अशा जनावराबरोबर ज्याला आजवर कोणी हात लावलेला नाही. पहिल्या वेळी बँडेजच्या पट्टीने तोंड बांधलं, डोकं माझ्या काखेत धरलं आणि ती इतकी थरथरत होती की डॉक्टर म्हणाले थांबा, पाच मिनिटं नुसतं धरून बसा. बसले. तिच्या अंगाला मासळीचा आणि डिझेलचा वास होता. हळूहळू तिचा श्वास शांत होत गेला. नंतर दोन दिवस तिची लघवी ग्लोव्हज घालून पुसायची, औषध त्यातून बाहेर पडतं म्हणून.

तिसऱ्या इंजेक्शनला गाठ निम्मी झाली. चौथ्याच्या आदल्या दिवशी तिने बांगड्याची डोकी घातलेला भात सगळा संपवला आणि ताटली ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेली. पाचव्यानंतर तिथे काही होतं असं कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. मग पंधरा दिवस थांबून नसबंदी, रेबीजची लस, कानाला व्ही आकाराची खूण.

आता मांगर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण लोक शेल्टर म्हटलं की मोठी बिल्डिंग डोळ्यांसमोर आणतात. आमचं शेल्टर म्हणजे सासऱ्यांच्या वेळचा चिऱ्याचा मांगर, आंब्याच्या पेट्या आणि पेंढा ठेवायचा. एका वेळी आठ जनावरं, फार तर दहा. पहिल्या पावसाळ्यात जमीन सारवलेलीच होती, मला वाटायचं थंड असतं, जनावरांना बरं. मग एका कुटुंबाने रस्त्यावरून उचललेली चार पिल्लं आणून दिली, दुसऱ्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण, तो ठराविक वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. पार्व्हो, पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. सलाईन, उलटीचं औषध, अँटिबायोटिक, रात्रभर गरम पाण्याच्या बाटल्या अंगाशी, तरी तीन गेली, एक राहिली. महिन्याभराने दुसरी पिल्लं आली आणि तीही आजारी पडली. चूक माझी होती. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो, आणि सारवलेल्या जमिनीवर ब्लीचचं पाणी काही कामाचं नाही, शेणामातीत ब्लीचची ताकदच संपते. धुता येईल अशी फरशी हवी. त्या वर्षी आंब्याचे पैसे आले ते सगळे कोबा आणि फरशीत घातले, आणि लस न झालेलं पिल्लू आता मांगरात आणत नाही, पडवीतल्या वेगळ्या खोलीत ठेवते. त्या तीन पिल्लांची नावंसुद्धा ठेवून झाली नव्हती.

तर, बरं करून परत का सोडता.

सुरुवातीला मी पण सोडत नव्हते. मला वाटायचं दुसरी संधी म्हणजे घर. अशाच एका बंदरावरच्या कुत्र्याला, चार-पाच वर्षांचा असेल, पायाची जखम भरल्यावर एका बंगल्यात दिलं. चांगली माणसं होती, रोज चिकन-भात, मऊ गादी. पण गेट बंद आणि गळ्यात साखळी, कारण मोकळा सोडला की तो गडगा चढून पळायचा. तीन आठवड्यांनी फोन आला, खात नाही. बघायला गेले तर गळ्याभोवतीचे केस गेलेले, साखळी ओढून ओढून, आणि तो गेटकडे तोंड करून पडलेला. मी त्याला परत बंदरावर नेलं. रिक्षा वळणावर आली, खारा वारा लागला आणि तो उभाच राहिला सीटवर. त्या दिवशी मला कळलं की आपण ज्याला रस्ता म्हणतो तिथे त्याची सावलीची जागा ठरलेली आहे, कुठल्या होडीखाली झोपायचं, कोण काय टाकतं, कोण दगड मारतं, सगळं त्याला पाठ आहे.

प्रत्येकाचं तसं नसतं, हेही खरं. मुरुडच्या किनाऱ्यावर कोणीतरी गाडीतून आणून सोडलेला लॅब्राडोर आमच्याकडे आला, गोचिडांनी भरलेला, हिरड्या पांढऱ्याफट, गोचीड ताप. त्याला रस्ता माहीतच नव्हता, गाडी आली की बाजूला व्हायचं असतं हेही नाही. त्याला घरच शोधलं, आणि घर बघायला मी स्वतः गेले. दोन्ही डोळे गेलेली एक भाटी, म्हणजे मांजर, आमच्या स्वयंपाकघरातच आहे, ती कुठे जाणार नाही. पिल्लांना घरं मिळाली तर पहिली पसंती घरालाच. पण धडधाकट, मोठं झालेलं, आपल्या जागेवर आपली माणसं असलेलं जनावर उचलून पिंजऱ्यात ठेवणं याला मी दया म्हणू शकत नाही.

कायदाही तेच सांगतो. २०२३ चे एबीसी, म्हणजे अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोलचे नियम, आधीच्या २००१ च्या नियमांच्या जागी आलेले, त्यात नसबंदी आणि लस झाल्यावर जिथून उचललं तिथेच सोडायचं आहे. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात दिल्लीच्या कुत्र्यांवरून केवढं झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, ११ ऑगस्टला सगळी शेल्टरमध्ये टाका आणि २२ ऑगस्टला बदल करून लस-नसबंदी करून जागेवर सोडा, फक्त रेबीजची किंवा खरंच अंगावर येणारी सोडू नका. मग नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटलं, एसटी स्टँड असल्या आवारांबद्दल वेगळा आदेश आला, तिथली उचलली तर परत तिथे सोडायची नाहीत. यावर माझं मत आहे पण ते परत कधीतरी.

ज्यांना चावण्याची भीती वाटते त्यांची भीती मी कधी हसण्यावारी नेत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, आणि माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांमुळेच होतो. म्हणून तर लस झालेली सुरमई बंदरावर असणं चांगलं. बंदरावर मासळीची घाण आहे तोवर कुत्री राहणारच, ती उचललीत की आठ दिवसांत वरच्या वाड्यांवरून दुसरी येतात, बिनलसीची, आणि त्यांना पुन्हा पिल्लं. एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस असली की रेबीजची साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या गोव्याने हेच लावून धरलं, कुत्र्यांना लस देत देत, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. तरीही कोणाला चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, हळद-चुना लावत बसू नका.

अंजर्ल्याच्या एका मुलाने मला विचारलं होतं, कासवांचं काय? बरोबर विचारलं. कुत्री ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी उकरतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी जे काम उभं केलं, अंडी उचलून कुंपणाच्या हॅचरीत नेऊन जपायची, ते याच्यासाठीही आहे. किनाऱ्यावर कुत्री कमी व्हायला हवीत हे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि ती नसबंदीनेच कमी होतील, दर पावसाळ्यात सहा-सहा पिल्लांनी नाही.

पावसाळ्यावरून आठवलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ६१ दिवस होड्या वर ओढलेल्या, लिलाव नाही, बंदरावर खायला काही नाही. याच दोन महिन्यांत बंदरावरची कुत्री वाड्यांत शिरतात, तिथल्या कुत्र्यांशी मारामाऱ्या, त्या जखमांवर माश्या बसतात आणि चार दिवसांत किडे. जून-जुलैमध्ये आमच्याकडे येणारी निम्मी जनावरं कानात नाहीतर मानेत किडे पडलेलीच असतात, चिमट्याने एकेक काढायचे, शंभर-दीडशेसुद्धा निघतात. म्हणून सुरमई जुलैमध्येच ठणठणीत झाली तरी मी तिला सोडली नाही. बंद बंदरावर उपाशी सोडायला मी तिला वाचवली नव्हती.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या. लिलाव सुरू झालाय असा काकींचा निरोप आला, "माझी सुरमय कधी आणतेस?" तिसऱ्या दिवशी रिक्षाने घेऊन गेले. उतरल्यावर ती एकदम धावली नाही, आधी उभी राहिली, नाक वर, मग एका ओढलेल्या होडीखाली जाऊन वास घेतला, तिथे मुतली, आणि मग सरळ काकींच्या टोपलीपाशी. काकींचे हात मासळीने भरलेले, त्यांनी कोपराने सुरमईचं डोकं दाबून धरलं आणि कान बघितला. "कान कोणी कापला गो हिचा?" मी सांगितलं, खूण आहे, ऑपरेशन झाल्याची. "दुखलं नाय ना?" नाही म्हटलं, भूल देऊन करतात. मग त्यांनी शेपटी उचलून स्वतः बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि टोपलीतला एक मोठा बांगडा काढून तिच्यापुढे टाकला, विकायचा होता तो.

निघताना त्यांनी बर्फाच्या गाडीखाली बसलेली दोन दाखवली, एक काळी आणि एक तांबूस, दोघी गाभण राहायच्या वयाच्या. पुढच्या सोमवारी सकाळी त्यांना आणायचंय, काकी बिस्किटं दाखवून रिक्षापर्यंत आणणार आहेत, मी जाळी घेऊन जाईन.